डोकी किती, पाय किती

दुकानाची जागा हेरण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, असं पूर्वी बऱ्याच लोकांचं मत होतं. आता ते मत फक्त माझ्या आईचं आहे. तिला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही.

मी चपला विकतो. सुरुवात सायकलवर केली. पिंपरी पेंढारहून कॅरिअरला गोणी बांधून निघायचं आणि ज्या गावचा बाजार असेल तिथं गोणपाट टाकून बसायचं. कुठं बसायचं हे मला कुणी शिकवलं नाही. बाया कुठल्या कोपऱ्यावर पिशवी या हातातली त्या हातात घेतात, भेळेचा वास कुठपर्यंत पोचतो, ऊन कुठल्या भिंतीवरून उतरतं, एवढं बघितलं की जागा सापडते. त्यावर मी मंचरला भाड्यानं गाळा घेतला, घर बांधलं, पोरगी शिकवली. भाव करण्यात तर भलेभले माझ्यापुढं हात टेकतात. (एकदा डॉक्टर म्हणाले, या गोळ्या महिनाभर घ्या. मी घासाघीस करून त्यांना पंधरा दिवसांवर आणलं. पुढं दुखणं उलटलं, ती गोष्ट वेगळी.)

असं सगळं बरं चाललेलं असताना बायपास झाला. गाड्या गावाबाहेरून पळायला लागल्या आणि आमच्या रस्त्यावर दुकानदारच एकमेकांकडं गिऱ्हाईक म्हणून बघायला लागले. त्यात गणपती गेल्या गेल्या गाळ्याचे मालक शेठजी स्वतः हातात चहा घेऊन आले. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आणि त्या दिवशी तर ते फारच शुद्ध बोलत होते. मी ओळखलं, काहीतरी काढून घेणार.

"भाऊ, धाकट्या चिरंजीवांना मोबाइलचं दुकान टाकून द्यायचं आहे. दिवाळी पाडव्यापर्यंत गाळा मोकळा करून दिलात तर बरं होईल."

"पाडव्यापर्यंत? शेठ, संक्रांत धरा."

"पाडवा."

"बरं, ना तुमचं ना माझं. तुळशीचं लग्न?"

"भाऊ, चहा गार होतोय."

आयुष्यात पहिल्यांदा माझा सौदा जिथल्या तिथं राहिला. पाडव्याला नव्या जागेत शटर उघडलं नाही, तर दिवाळीचा माल गोणीत आणि मी पुन्हा सायकलवर. आणि आता या वयात मी गोणपाटावर बसलो की उठवायला दोन माणसं लागतात.

माझी पोरगी पल्लवी पुण्याहून कसलासा व्यवसायाचा कोर्स करून आलेली. ती म्हणाली, "अण्णा, घाबरू नका. आपण डेटा बघू."

"काय बघू?"

"आकडे. कुठल्या गावात किती माणसं, कुठल्या वयाची, वर्षभर राहतात का बाहेर जातात, शाळेचा पट किती, बाजाराला कोण कुठून येतं. मग जागा ठरवू."

ती खरोखर कामाला लागली. ग्रामपंचायती झाल्या, शाळा झाल्या, अंगणवाड्या झाल्या. मोबाइलवर तिनं एक नकाशा केला. त्यावर एवढे लाल ठिपके, की आमच्या आंबेगाव तालुक्याला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

"अण्णा, आपलं गिऱ्हाईक कोण?"

"ज्याला पाय हायत तो."

"तसं नाही हो. मोठ्या माणसाचा पाय वाढत नाही. एक जोड दोन-दोन वर्षं ओढतो. पोरांचा पाय वाढतो. दर जूनला नवा बूट. म्हणजे जिथं पोरं जास्त आणि कायम, तिथं आपलं दुकान."

खरं सांगतो, मला हे पटलं. म्हणजे पटतच आलं होतं. तेवढ्यात तिनं नकाशावर बोट ठेवलं.

"महाळुंगे पडवळ. शाळेसमोर गाळा रिकामा आहे. काकांच्या दुकानाला लागून."

मी मोबाइल पालथा घातला.

काका म्हणजे माझे साडू, वसंतराव. बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक. शाळेसमोर त्यांचं किराणा आणि वह्या-पेनांचं दुकान. मी सायकलवर होतो तेव्हा एकदा, आयुष्यात एकदाच, मी त्यांना म्हणालो होतो, "वसंतराव, बाजारच्या दिवशी तुमच्या ओट्याच्या कडंला गोणपाट टाकू का?" ते हसत म्हणाले होते, "राव, तुमाला नाय कसं म्हणू? पण दारात चपला नकोत. लक्ष्मीची वाट असती ती."

दारात चपला नकोत! त्या दिवसापासून मी वसंतरावांच्या घरी कधी गेलोच, तर दारात चप्पल काढत नाही. हातात घेऊन आत जातो आणि मांडीखाली ठेवून बसतो.

"अहो, त्याला किती वर्षं झाली," बायको म्हणाली. "दाजी विसरले पण."

"ते विसरले म्हणूनच मला एकट्याला ध्यानात ठेवायला लागतंय!"

"आणि ते वाईट बोलले नव्हते. त्यांची तशी समजूतच—"

"पल्ले, तुझा डेटा चुकलाय."

"अण्णा, डेटा कसा चुकेल?"

"ज्या डेटात वसंत्या येतो, तो चुकलेलाच असतो! मी स्वतः जातो आणि स्वतः मोजून येतो."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि पूर्वेला लोणीच्या अंगानं सुटलो. गावाच्या अलीकडं एका वाडीच्या फाट्यावर (वाडीचं नाव सांगत नाही, वाडीची बदनामी नको, आणि माझी झाली तेवढी पुरे) नवा कोरा डांबरी रस्ता आणि त्याला लागून नवे कोरे तीन गाळे. समोर ऐसपैस पटांगण. पटांगणाच्या कडेला एक मोठी जाळी गुंडाळून ठेवलेली. मी मनात टिपलं: व्हॉलीबॉल. म्हणजे पोरं खेळणारी. म्हणजे स्पोर्ट शूज!

गाळ्यांचे मालक बिरूमामा बाजेवर बसले होते. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हाताशी काठी. दुपारची वेळ, आसपास चिटपाखरू नाही. पण मी कच्चा नाही. लोक कामावर गेलेले असणार. आता म्हाताऱ्या माणसाला 'लोकसंख्या किती' असं विचारलं, की त्याला वाटतं सरकारी माणूस आलाय, आणि तो निम्मी माणसं लपवतो. म्हणून मी आपला साधा, बाजारातला शब्द वापरला.

"मामा, तुमच्याकडं डोकी किती?"

मामांच्या तोंडावर तेज आलं. "हज्जार! आन् थोरल्याची येगळी धरली तर बाराशे."

"बाराशे? एवढ्याशा वाडीत? मामा, नऊशे म्हणा."

"का म्हनू?"

"बरं, हजार. फायनल."

मामा बाजेवरून उठलेच. "ओ पावणं! डोक्यांचा भाव करताय का? कालच्याला मोजल्यात! रोज सांजच्याला मोजतो आमी!"

मी थक्क झालो. रोज! सरकारला वर्षानुवर्षं मोजायला जमत नाही, आणि इथं रोज संध्याकाळी शिरगणती! डेटा म्हणतात तो याला, पल्ले.

"त्यात बाप्ये किती, मामा?"

मामा खुदकन हसले. "बाप्ये व्हय? लई थोडं. ठिवून काय करायचं त्येंला? बाकीचं चाकणला."

चाकण! कंपन्या! मला ठाऊकच होतं. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं चाकणच्या कंपन्यांत.

"सगळे चाकणला?"

"तर वो. शनवारचा टेम्पोच असतोय."

"मग सणासुदीला माघारी येत असतील?"

मामांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "चाकणला ग्येल्यालं माघारी कसं यील, पावणं?"

मी सुस्कारा टाकला. "खरंय मामा. शहर गिळून टाकतं."

"गिळतंय तर! रविवारी लई गिळतंय."

मग मी डोळे पुसून मुद्द्यावर आलो. "आणि ल्हान?"

"औंदा ल्हान लई हायत. काहींस्नी तर जुळी झाल्यात."

जुळी! म्हणजे एका घरात एकाच मापाचे दोन जोड!

"आणि मामा, पायांचं कसं काय?"

"पायाचंच तर दुखणं हाय राव! पावसाळ्यात चिखलात उभी राहून राहून पाय सडत्यात. लंगडत्यात बिचारी. डाक्टर येतो, सगळ्यांस्नी वळीनं उभी करतो आन् सुया देतो."

"पायांत काही घालत नाहीत?"

"पायात? काय घालनार?"

अंगावर सरसरून काटा आला. बाराशे डोकी! मधे मधे जुळी! चिखलात उभी! आणि पायात काहीही नाही! आयुष्यभर मी जी जागा शोधत होतो ती इथं लोणीच्या वाटेवर उन्हात पडून होती, आणि अजून कुणाला तिचा वास लागला नव्हता.

वास लागायच्या आत सौदा पुरा करायला हवा होता. मामा सरळ माणूस. म्हणाले, "महिन्या-महिन्याला बघू. नाय जमलं तर सोडा गाळा."

शेठजींचा चहा माझ्या डोळ्यांपुढं आला. "अजिबात नाही!" मी बाजेवर मूठ आपटली. "पाडव्याला शटर उघडायचं आणि पुढची तीन वर्षं तुम्ही मला काढायचं नाही. मी सोडायचं म्हटलं तरी सोडू द्यायचं नाही! शब्द द्या."

"तुमीबी सोडायचं न्हाई?"

"मीबी सोडायचं न्हाई!"

"बरं. तुमी म्हनताल तसं."

एवढा मोठा सौदा इतक्या स्वस्तात खिशात पडल्यावर माणूस जरा सैल सुटतो. निघताना मी म्हणालो, "आणि मामा, पाडव्याला उद्घाटनाला सगळी डोकी घेऊन या."

"सगळी?"

"सगळी! ल्हानथोर. एकही मागं ठेवायचं नाही."

मामांचे डोळे भरून आले. "पाडव्याला आमी नटवितोच समद्यांस्नी. पर दुकानाच्या दारात बोलावून असा मान आजपतोर कुनी दिला नव्हता, पावणं."

घरी येऊन मी डोक्यांचा आकडा सांगितला. पल्लवी मोबाइलवर काहीतरी बघत बसली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अण्णा, ती वाडी फार छोटी आहे. आणि दिवाळी झाली की निम्मी घरं बंद असतात."

"बंद? अगं रोज मोजतात तिथं!"

"कोण मोजतं?"

"मामा."

"काय मोजतात?"

"डोकी!"

"अण्णा, डोकी म्हणजे नक्की—"

"डोकी म्हणजे डोकी! तुझा डेटा कागदावरचा, माझा तोंडचा. आणि तोंडाला तोंड देऊ नको!"

तिनं मोबाइल बंद केला. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं.

पण आता माघार नव्हती. मी माल उचलला. बाप्ये चाकणला म्हणून बायकांच्या सँडल भरपूर. जुळी म्हणून पोरांचे बूट जोडीजोडीनं. जाळी बघितलेली म्हणून स्पोर्ट शूज. आणि गमबूट! घाऊक दुकानदार म्हणाला, "भाऊ, एवढं गमबूट? धरण बांधताय का?" मी नुसता हसलो. धंद्याचं गुपित फोडायचं नसतं.

शेवटी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड बेत केला. उद्घाटनाला फीत कापायला वसंतरावांना बोलावलं. दारात चपला नकोत म्हणणाऱ्याच्याच हातानं चपलांचं दार उघडायचं! फोनवर ते म्हणाले, "येतो की राव. पण ती जागा जरा आडबाजूला नाय का?" मी म्हणालो, "या तर खरं. गर्दीतनं वाट काढत यायला लागंल."

रॅक ठोकायला म्हणून आम्ही तीन-चारदा तिकडं गेलो. प्रत्येक वेळी तोच रस्ता, तेच पटांगण, तेच चिटपाखरू नसणं. एकदा लांबून एक मोटारसायकल आली. मी हातातली हातोडी टाकून दारात उभा राहिलो. तो माणूस थांबला. मला म्हणाला, "भाऊ, पेट्रोल संपलंय, हितं कुठं मिळंल?"

बायको म्हणाली, "अहो, इथं माणूस दिसंना."

"कामाला गेल्यात."

"बाया?"

"त्याबी कामाला गेल्यात."

"आणि पोरं?"

"शाळंत!"

"अहो, दिवाळीची सुट्टी लागलीय."

मला दरदरून घाम फुटला. पण मी ओरडूनच बोललो, कारण घाम आला की मी ओरडतो. "सुट्टी लागली म्हणून मामाच्या गावाला गेली असतील! पाडव्याला येतील! सगळी येतील! मामांनी शब्द दिलाय!"

त्यानंतर मला अन्न गोड लागेना. जेवताना पानातला भातसुद्धा मला गमबुटांसारखा ढिगानं दिसायचा. मंचरच्या गाळ्यात शेठजींच्या पोरानं मोबाइलची पाटी लावायला माणूस बोलावला होता. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्हींकडं गिऱ्हाईक नाही.

पाडव्याच्या सकाळी झेंडूचं तोरण बांधलं, दारापुढं रांगोळी काढली, लाल फीत ताणली. वसंतराव कडक इस्त्रीच्या कपड्यांत आले. त्यांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली.

"राव, हवा लई छान हाय हितं."

"थांबा. बाराशे येणारेत."

"कुठून?"

"वाडीतनं."

"त्या वाडीतनं?" त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी दिसणारी पाच-सहा कौलारू घरं बघितली. "एकावर एक रचून ठेवल्यात का?"

पल्लवी माझ्याकडं बघत नव्हती. बायको देवाचं नाव घेत होती. वसंतराव कात्री बोटात घालून फिरवत होते. मुहूर्त टळत आला. मी तिथल्याच एका गमबुटाच्या खोक्यावर बसलो. खोकं दबलं.

आणि तेवढ्यात ढोल वाजला!

टेकडीच्या कडेनं धुळीचा लोट उठला. मी उडी मारून उभा राहिलो. "आली! बघा वसंतराव! बघ पल्ले! सगळी आली!"

ढोल जवळ आला. धुळीतून लाल पागोटं दिसलं. त्याच्या मागं, खरोखर, रस्ता भरून, शेतं भरून, पटांगण भरून, डोकी! शिंगांना रंग लावलेली, पाठीवर गुलालाचे पट्टे, गळ्यात घुंगरांच्या माळा. बाराशे मेंढरं!

मामा पुढं आले, हात जोडले. "पावणं! समदी आनल्यात! एकबी मागं न्हाई ठिवलं!"

कानात एकेक वाक्य परत वाजायला लागलं. रोज सांजच्याला मोजतो. बाप्ये ठिवून काय करायचं. शनवारचा टेम्पो, तो चाकणच्या मेंढरांच्या बाजाराचा. रविवारी लई गिळतंय. आणि मी त्या वेळी डोळे पुसले होते! ती जाळीही व्हॉलीबॉलची नव्हती, मेंढरं कोंडायची होती.

"मामा," मी कसाबसा म्हणालो, "माणसं कुठंयत?"

"आमी हाय की. मी, दोन ल्योक, सुना, नातवंडं."

"आणि बाराशे डोकी?"

"ही काय! मोजून घ्या. तुमाला इस्वास नव्हता म्हनून समदी आनली."

"मामा, मी माणसांची डोकी विचारत होतो!"

मामांनी कपाळावर हात मारला. "आता माझ्यापशी कुनी 'तुमच्याकडं डोकी किती' म्हनलं तर मी सासूचं डोकं मोजू का? मला वाटलं, पावणं मालकाची ऐपत बघतोय."

पुढचं बोलणं झालंच नाही. एका दांडग्या एडक्याला झेंडूच्या तोरणाचा वास लागला. वसंतरावांनी फितीला कात्री लावायच्या आत फीत एडक्याच्या तोंडात गेली. दार उघडंच होतं. एडका आत शिरला. आणि मेंढरांचं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. एक शिरलं की बाकीच्यांना कारण लागत नाही. डोळ्यांदेखत दुकान भरलं. आमच्या मंचरच्या दुकानात दिवाळीतसुद्धा कधी एवढी रेटारेटी झाली नव्हती! रॅक आडवी झाली. बायकांच्या सँडलवर लेंड्यांचा सडा पडला. पोरांच्या बुटांची खोकी फाडून कागद चघळणं चालू झालं. एक कोकरू गमबुटात तोंड घालून अडकलं आणि आतून ओरडायला लागलं. तो आवाज भोंग्यासारखा घुमला आणि त्याची आई मला ढुशा द्यायला लागली. वसंतराव स्टुलावर चढून एक हात वर करून उभे होते, त्या हातात अजून कात्री.

"राव!" ते वरून ओरडले. "गर्दी लई हाय! मी कुठनं बाहेर पडू?"

मामांच्या एका शिट्टीवर सगळी मेंढरं बाहेर आली. (दुकान रिकामं करायची ही रीत शेठजींना कळली नाही, हे माझं नशीब.) मामा ओशाळून दारात उभे राहिले.

"नासधूस झाली, पावणं. पर आता तरास न्हाई. उद्याच्याला आमी निघालो मेंढरं घिऊन कोकणाकडं, बायकापोरांसकट. पावसाच्या तोंडाला येऊ."

म्हणजे होती ती नव्हती ती माणसंही चालली! निम्मी घरं बंद, पल्लवी म्हणाली होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं पटकन तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"आन् तेवढं माझ्या मापाचं पायताण द्या," मामा म्हणाले. "पल्ला लांबचा हाय. पयलं गिऱ्हाईक मीच."

त्यांनी पाय पुढं केला. आयुष्यभर डोंगर चढलेला, फावड्यासारखा रुंद पाय. आम्ही स्पोर्ट शूज लावून बघितले, जाईनात. गमबूट लावून बघितला, पाय घोट्यापाशी अडकला. मामा सँडलपर्यंत तयार झाले होते. अख्ख्या दुकानात, बाराशे डोक्यांसाठी भरलेल्या मालात, समोर उभ्या असलेल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाच्या मापाचं काही नव्हतं.

मी मामांना बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "मामा, तो तीन वर्षांचा शब्द. एक वर्ष करू."

"तुमीच म्हनलावता, मीबी सोडायचं न्हाई."

"बरं, दोन. ना तुमचं ना माझं."

मामांनी काठी जमिनीवर आपटली. "पावणं, आता शब्दाचाबी भाव करताय का?"

वसंतराव स्टुलावरून उतरत होते. आता ते काय बोलणार हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी कपडे झाडले आणि म्हणाले, "चला, आमच्या इथला गाळा उघडून ठेवलाय. माल आजच्या आज हलवा. पाडवा अजून संपला नाय."

"कुठला गाळा?"

"शाळंसमोरचा. पल्लवी नवरात्रातच येऊन सांगून गेली, काका, तो गाळा कुणाला देऊ नका, अण्णा वळसा घालून येतील."

"आणि तुमच्या दारात चपला चालतील?" मी दात आवळून विचारलं. इतकी वर्षं मनात जपलेलं वाक्य होतं, ते असं लेंड्यांत उभं राहून बोलावं लागलं.

वसंतराव गोंधळले. "न चालायला काय झालं? असं कोण म्हनलं?"

विसरले होते! खरोखर विसरले होते!

त्या पाडव्याला दिवेलागणीच्या आत महाळुंगे पडवळला आमचं शटर उघडलं. पुढं जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पल्लवीला जेवायला फुरसत मिळेना. पोरांचे पाय वाढतात, हे तिचं खरं निघालं. वसंतरावांच्या दारात आता दिवसभर चपलांचा ढीग असतो, आणि ते म्हणतात त्यांची लक्ष्मी त्यातूनच वाट काढत येते. लोणीकडचा गाळाही अजून माझ्याचकडं आहे. शब्द तो शब्द. पावसाळ्यात मामांची कोकरं तिथं कोरड्यात बसतात आणि भाडं मी भरतो. मामांसाठी पल्लवीनं खास मापाची पायताणं करून घेतली. मामा म्हणतात पोरगी हुशार आहे, कुणावर गेली कुणास ठाऊक.

वसंतराव मात्र आल्यागेल्या प्रत्येकाला माझ्याकडं बोट दाखवून विचारतात, "राव, तुमचा अंदाज एवढा चुकला कसा?"

एवढा काही चुकला नव्हता. डोकी बाराशेच होती, मामांनी दारात आणून मोजून दिली. चूक झाली ती फक्त पायांत. मी डोक्यामागं दोन धरले होते, चार निघाले.